दार, संमती आणि दोन रेघा

मुंबईत देवनारच्या कचऱ्याच्या डंपिंगला लागून असलेल्या बैंगनवाडीत किंवा शिवाजीनगरात एचआयव्हीची चाचणी घरोघरी न्यायची, तर पहिला विचार किटचा नाही, दाराचा करावा लागतो. खोली लहान, आत सासू, मुलं, शिवणकामाचा ढीग. गल्लीत अनोळखी माणूस शिरला की लगेच सगळ्यांना कळतं. पथक एकाच दारापाशी थांबलं, तर तोंडातून शब्द न काढताही त्या घराचं गुपित फुटतं.

म्हणून आखणीत गल्लीतलं एकही दार वगळू नये. रक्तदाब, साखर, खोकल्याची विचारपूस यांच्या जोडीला ही चाचणी ठेवावी. पण गुपचूप उरकू मात्र नये. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार नीट समजावून घेतलेली संमती लागते आणि चाचणीच्या आधी-नंतर समुपदेशनही. सासूसमोर सून मान हलवते, ती संमती नव्हे. ‘ताई, नंतर या’ असं ती म्हणाली तर खरंच नंतर जावं. तिला एकटीला बोलता येईल अशी जागा, अशी वेळ आधीच ठरलेली असावी. पुरुष कामावरून रात्री परततात, त्यांच्यासाठी संध्याकाळची फेरी वेगळी.

बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं आणि किटनुसार पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. संसर्ग अगदी अलीकडचा असेल तर तो चाचणीत दिसत नाही, पुन्हा तपासावं लागतं, हे याच वेळात सांगावं. वापरलेली सुई पथकाने बंद डब्यातून परत न्यायलाच हवी. ती घरच्या कचऱ्यात गेली, तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला टोचेल.

किटवर संसर्ग सुचवणाऱ्या दोन रेघा उमटल्या तरी दारात ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं नाही. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोघे. समजा, एखादं किट संसर्ग नसलेल्या हजारांपैकी पाच जणांच्या बाबतीत चुकलं, तर खऱ्या दोघांसोबत खोटे पाच निघतील. त्यासाठीच आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, वेगवेगळ्या तीन किटांवर खात्री करतात.

आणि तिथवर माणूस पोहोचतो का, हीच या कामाची खरी कसोटी आहे. किती बोटं टोचली हा आकडा अहवालात शोभतो, तेवढंच. आफ्रिकेतल्या लेसोथोमध्ये घरी चाचणी झाल्या दिवशीच औषध देऊ केलेल्यांपैकी ६८.६ टक्के लोक तीन महिन्यांत दवाखान्याशी जोडले गेले; नेहमीच्या पद्धतीत ४३.१ टक्के. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. भारतात एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी, औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि २०१७ पासून निदान झाल्यावर लगेच उपचार हे धोरण आहे. तरीही देवनारहून सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. प्रवासखर्च, सोबत जाणारी कार्यकर्ती आणि तिथल्या समुपदेशकाची ठरलेली वेळ, एवढी तजवीज पहिलं दार ठोठावण्याआधीच झालेली हवी.