गरोदरपणात गाडीतला प्रवास : सीट बेल्ट पोटातल्या बाळाचाही जीव वाचवतो

सातवा महिना लागला की पहिल्या बाळंतपणाला मुलीला माहेरी आणायची तयारी सुरू होते. मुंबईहून चिपळूण, पुण्याहून लातूर, असा पाच-सहा तासांचा प्रवास. गाडीत बसताना अम्मी नाहीतर सासूबाई मायेनं सांगतात, "बेटा, बेल्ट लावू नको, पोटावर दाब येईल." हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला, तरी चुकीचा आहे.

धक्का बसतो तेव्हा काय होतं?

गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली असेल, तर आत बसलेली व्यक्तीही त्याच वेगात असते. गाडी अचानक थांबली तरी शरीर पुढेच जातं. बेल्ट नसेल तर पोट स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटवर आदळतं.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कंबरेच्या हाडांच्या आत सुरक्षित असतं. नंतर ते वर येतं आणि मार थेट लागू शकतो. गर्भाशय ताणलं जातं, पण त्याला चिकटलेली वार तशी ताणली जात नाही. जोराच्या झटक्याने वार सुटू शकते. वारेतूनच बाळाला रक्त आणि ऑक्सिजन मिळतो, म्हणून वार सुटणं बाळाच्या आणि आईच्याही जिवावर बेतू शकतं.

बेल्ट कसा लावायचा?

- खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे.
- वरचा पट्टा खांद्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या बाजूने खाली यावा. तो काखेतून किंवा पाठीमागून घेऊ नये.
- बुरखा किंवा ओढणी पट्ट्याखाली गोळा झाली की पट्टा वर सरकतो. कपडा सपाट करून मगच बेल्ट ताणून घ्या.
- मागच्या सीटवर मधोमध बसवू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत मधे फक्त कंबरेचा पट्टा असतो. खिडकीकडची जागा बरी.

आपल्याकडे मागच्या बेल्टचं बक्कल सीट कव्हरखाली दबलेलं असतं. निघायच्या आदल्या दिवशीच ते बाहेर काढून ठेवा. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, न लावल्यास 1000 रुपये दंड आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योजक सायरस मिस्त्री गेले, ते मागेच बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता.

एअरबॅग बंद करू नका

एअरबॅग बेल्टच्या जोडीने काम करते, बेल्टच्या ऐवजी नाही. पुढे बसणार असाल तर सीट शक्य तितकी मागे घ्या. स्वतः गाडी चालवत असाल तर छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान 25 सेंटीमीटर, म्हणजे वीतभर आणि वर दोन बोटं, अंतर ठेवा. स्टिअरिंग पोटाकडे नाही, छातीकडे वळलेलं असावं. शेवटच्या महिन्यांत एवढं अंतर राहत नसेल तर दुसऱ्याला गाडी चालवू द्या.

"काही लागलं नाही" म्हणून घरी जाऊ नका

धक्का किरकोळ असला, अंगावर ओरखडा नसला, तरी दवाखान्यात जायलाच हवं. वार सुटली तरी काही वेळा रक्त बाहेर दिसत नाही. पाच महिने उलटले असतील तर डॉक्टर निदान चार तास बाळाचे ठोके आणि कळा मशीनवर बघतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते आठवणीने सांगा, अँटी-डी इंजेक्शन 72 तासांच्या आत घ्यावं लागतं.

रक्तस्राव, पाणी जाणं, पोट कडक होणं, सतत दुखणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर एक मिनिटही थांबू नका. 108 ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते. वाट बघताना तिला डाव्या कुशीवर झोपवा, मात्र मानेला किंवा पाठीला मार असल्याची शंका असेल तर हलवू नका.

ईदला गावी जाताना किंवा मुलीला माहेरी आणताना खाण्याचा डबा आपण विसरत नाही. तशीच दवाखान्याची फाईल सोबत घ्या. आणि गाडी सुरू करण्याआधी एकदा मागे वळून विचारा, "बेल्ट लावला का?" घरातल्या मोठ्यांनी हे विचारलं, तर सूनही संकोच न करता लावेल.