पाळणा, पुरुष आणि 'ताकदीचे' इंजेक्शन

लग्नाला दोन-तीन वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्या समाजात पहिले बोट सुनेकडे वळते. तिच्यासाठी नवस बोलले जातात, तिला वेलंकणीची यात्रा घडविली जाते, एकामागून एक डॉक्टर दाखविले जातात. आणि नवरा मात्र दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून राहतो. वस्तुतः ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या प्रकृतीचाही वाटा असतो. वर्षभर एकत्र संसार करूनही गर्भ राहिला नाही तर दोघांनीही एकाच वेळी तपासून घ्यावे, असा वैद्यकाचा नियम आहे. पुरुषाची पहिली तपासणी ही स्त्रीच्या तपासण्यांहून पुष्कळच सोपी व स्वस्त असते. असे असता तिला वर्षानुवर्षे औषधे पाजणे आणि त्याने एकदाही तपासणीस न जाणे, हा अन्याय आहे.

सुरतेत या विषयावर लिहिण्यास विशेष कारण आहे. तापी खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत राहतात. पुरुष मागावर अथवा रंगाई-छपाईच्या गिरण्यांत वाफेच्या आणि भट्टीच्या शेजारी बारा-बारा तास उभे असतात. निर्मात्याने पुरुषाचे वृषण शरीराच्या बाहेर ठेवले, कारण शुक्राणू तयार होण्यास शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. सततच्या तापलेल्या जागेत त्यांची संख्या घटू शकते. त्यात तंबाखू व दारू यांची भर पडते. तथापि एक गोष्ट मी आधीच सांगून टाकतो. पत्नी गावी सासूपाशी आणि पती सुरतेच्या खोलीत, भेट होळीला आठ दिवस आणि नाताळला आठ दिवस, अशा संसाराला वंध्यत्व म्हणता येत नाही. तेथे औषधापेक्षा भाड्याची एक खोली अधिक उपयोगी पडेल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अशा पुरुषाला ओळखीचा कोणीतरी, व्यायामशाळेतला मित्र किंवा एखादा पदवी नसलेला वैद्य, 'ताकदीचे' इंजेक्शन सुचवितो. ते बहुधा टेस्टोस्टेरॉनचे असते. पुरुषत्वाचे हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून संदेश वाहून नेणारे द्रव्य, शरीर स्वतःच तयार करते. मग ते कमी पडले तर बाहेरून घातले की संतती होईल, असा सरळ हिशेब मांडला जातो. आठ-पंधरा दिवसांत अंगात जोर आल्यासारखे वाटते, दंड भरतात, उत्साह वाढतो. घरचे समाधान पावतात. आणि नेमक्या त्याच काळात, कोणाला कळण्यापूर्वी, शुक्राणूंची निर्मिती बंद पडत असते.

हे कसे घडते ते कापडाच्या कारखान्यावरून ध्यानात येईल. मेंदूच्या तळाशी पियूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. ती म्हणजे मुकादम. ती दोन संप्रेरकांच्या रूपाने वृषणांना हुकूम पाठविते: एकाने टेस्टोस्टेरॉन तयार होते, दुसऱ्याने शुक्राणूंच्या निर्मितीस चालना मिळते. बाहेरून तयार माल येऊन गोदाम भरले, की मुकादम हुकूम देणे थांबवितो आणि माग बंद पडतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असते; परंतु शुक्राणूंना ते वृषणाच्या आत, रक्तातल्याहून कितीतरी पटींनी अधिक लागते, आणि तेथे ते उरत नाही.

ही केवळ शंका नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने हेच इंजेक्शन पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून वापरून पाहिले होते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्यास २०० मिलिग्रॅम औषध दिले गेले आणि सहा महिन्यांत त्यांपैकी १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. जे द्रव्य मूल होऊ नये म्हणून तपासले गेले, तेच आपले तरुण मूल व्हावे म्हणून टोचून घेतात! इंजेक्शन थांबविल्यावर बहुतेकांची निर्मिती पुन्हा सुरू होते. पण त्यास सहा महिने ते वर्ष, क्वचित दोन वर्षेही लागतात, आणि दीर्घकाळ टोचून घेतलेल्यांना पूर्ववत होण्याची खात्री देता येत नाही. टेस्टोस्टेरॉनची खरी उणीव असलेल्या आणि संतती नको असलेल्या पुरुषास डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते गुणकारी आहे, यात संशय नाही.

मग संतती हवी असणाऱ्यास औषध काय? ते कारणावर अवलंबून आहे. मुकादमच मुका असेल, म्हणजे पियूषिका हुकूम देत नसेल, तर वैद्यक खरोखर मोठे काम करू शकते. अशा पुरुषास काही वेळा जन्मापासून वासही येत नाही. ही खूण डॉक्टरांना अवश्य सांगावी. त्यास एच.सी.जी. हे इंजेक्शन आठवड्यातून दोन-तीनदा आणि गरज पडल्यास एफ.एस.एच. देतात. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत धीर धरावा लागतो, परंतु पुष्कळांच्या वीर्यात शुक्राणू दिसू लागतात.

या दुसऱ्या औषधाचा इतिहास आपल्या वाचकांना आवडेल. १९४० च्या दशकात इटलीतील सेरोनो या कंपनीचे रसायनज्ञ पिएरो दोनिनी यांना उमगले की ऋतुप्राप्ती थांबलेल्या स्त्रियांच्या मूत्रात हे द्रव्य विपुल असते. ते गोळा कोठून करावयाचे? मठांतील वयोवृद्ध भगिनींकडून! ब्रुनो लुनेनफेल्ड या तरुण डॉक्टरांच्या प्रयत्नाने त्यातून औषध सिद्ध झाले आणि १९६२ साली इस्राएलमध्ये एका निपुत्रिक मातेला कन्या झाली. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या भगिनींच्या हातून असे पाळणे हलावेत, याचे मला आजही कौतुक वाटते. सांप्रत ते औषध मुख्यत्वे प्रयोगशाळेत तयार होते.

पियूषिकेवर गाठ आल्याने प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढले असेल तर कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी ते उतरते. ज्यांचे टेस्टोस्टेरॉन थोडे कमी आहे त्यांना काही डॉक्टर क्लोमिफिन देतात. हे मूळचे स्त्रियांचे औषध. ते मुकादमास अधिक हुकूम द्यावयास लावते, त्यामुळे निर्मिती बंद पडत नाही. स्थूल पुरुषांत अॅनास्ट्रोझोलचाही उपयोग केला जातो. कारणच सापडत नसेल तेथे या गोळ्यांचा गुण माफकच समजावा. वृषणाच्या शिरा फुगल्या असतील तर गोळी नव्हे, शस्त्रक्रिया लागते. आणि जस्त, फॉलिक आम्ल यांच्या महागड्या पुड्या? अमेरिकेत त्यांची मोठी चाचणी झाली. २०२० साली निष्कर्ष निघाला की त्यांनी अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही. रेल्वेच्या भिंतींवर रंगविलेल्या 'गुप्तरोगा'च्या जाहिरातींविषयी तर मी काही बोलतच नाही.

ख्रिस्तसभेला वंध्यत्वावरचे औषधच मान्य नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९८७ चे 'दोनुम विते' आणि २००८ चे 'दिग्नितास पेर्सोने' ही दोन्ही रोमची निवेदने स्पष्ट आहेत: पतिपत्नीच्या मीलनाला साहाय्य करणारे उपचार ख्रिस्तसभेस मान्य आहेत, आणि संप्रेरकांची औषधे व अडथळा दूर करणारी शस्त्रक्रिया त्यांतच येतात. त्या मीलनाची जागाच प्रयोगशाळेने घेणे, किंवा तिसऱ्या व्यक्तीचे बीज आणणे, ते मात्र तिला मान्य नाही. वीर्याच्या तपासणीबद्दल पुष्कळ पुरुष संकोचामुळे काही विचारीत नाहीत. नमुना घेण्यासाठी एकांतातील पाप करावे लागते, असे नाही. पतिपत्नीच्या मीलनसमयी, शुक्राणूंना अपाय न करणाऱ्या खास छिद्रयुक्त पिशवीत तो घेता येतो आणि तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. डॉक्टरांना व आपल्या धर्मगुरूंना मोकळेपणाने विचारा. आम्हांला हे ऐकून धक्का बसत नाही.

सुरतेत मजुरा गेटचे नवे सिव्हिल रुग्णालय किंवा महापालिकेचे स्मीमेर, यांच्या बाह्यरुग्ण विभागातून सुरुवात करता येते. पतिपत्नींनी बरोबरच जावे. पूर्वी झालेले गालगुंड, लहानपणची शस्त्रक्रिया, चालू असलेली प्रत्येक गोळी आणि घेतलेले प्रत्येक इंजेक्शन, व्यायामशाळेतले सुद्धा, डॉक्टरांना सांगावे. टेस्टोस्टेरॉनचे रक्त सकाळीच द्यावयाचे असते आणि एका अहवालावर निर्णय होत नाही, दोन वेगवेगळ्या सकाळी ते तपासतात. रात्रपाळी करणाऱ्याची 'सकाळ' मात्र वेगळी असते. म्हणून आपण किती वाजता झोपतो व किती वाजता उठतो हे त्याने केसपेपर काढतानाच सांगावे. शुक्राणू तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे तीन महिने लागतात. तेव्हा तंबाखू सोडली किंवा औषध सुरू केले तरी दुसऱ्या महिन्यातच अहवाल आणून निराश होऊ नये. पुढील तपासणी तीन महिन्यांनी करावी, आणि तोवर सुनेला नवे औषध आणू नये.