ख्रिस्तपुराणाचे साल कोणते लिहावे?

हैदराबादेतील अंबरपेठ ही उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारची वस्ती. तेथे खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यास प्रबंधात कोणते वचन कोणत्या ग्रंथातून घेतले, हे सांगावे लागते. हाताने ही सूची जुळविण्यात रात्री जातात. डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ साली 'टेक' ही संगणकावरील अक्षरजुळणीची प्रणाली पुढे आणली. 'लेटेक' तिच्यावरच उभी आहे. ग्रंथाची नोंद एकदा करून तिला खूण द्यावी. मजकुरात ती खूण घालताच क्रमांक, अकारविल्हे, स्वल्पविराम सारे यंत्र सांभाळते. खूण चुकल्यास त्या जागी प्रश्नचिन्ह उमटते.

साल चुकल्यास मात्र काहीच उमटत नाही! आपले 'ख्रिस्तपुराण'च घ्या. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा ग्रंथ १६१६ साली प्रथम छापला गेला. त्या आवृत्तीची प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. मंगळूरची सालढाणा यांची आवृत्ती १९०७ ची. ओवी तिच्यातून उतरवून नोंदीत १६१६ लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या पोथीची साक्ष देणे होय, आणि यंत्र ती साक्ष सुबक छापून देईल. म्हणून सालाच्या रकान्यात १९०७ लिहावे, व १६१६ टिपेच्या रकान्यात.