मॅमिलारिया : लहान निवडुंगाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मॅमिलारिया ही निवडुंग कुलातील एक मोठी प्रजाती असून तिच्या शंभराहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक मेक्सिकोतील कोरड्या पठारांवर व डोंगरउतारांवर वाढतात. एड्रियन हॉवर्थ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये या प्रजातीला हे नाव दिले. मुठीत मावेल एवढा आकार, खोडावर सर्पिल रांगांत मांडलेले उंचवटे आणि माथ्याभोवती कड्यासारखी उमलणारी फुले यांमुळे ती आज महाराष्ट्रातील रोपवाटिकांमध्येही सहज मिळते. तरीही अनेक घरांत हे रोप एकतर पहिल्याच पावसाळ्यात कुजते किंवा वर्षानुवर्षे जिवंत राहूनही फुलत नाही. या दोन्ही अपयशांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे, तो म्हणजे वनस्पतीच्या तग धरण्यालाच तिची वाढ समजणे. प्रतिकूल काळात निवडुंग ज्या स्थितीत टिकून राहतो ती स्थिती त्याला पसंत असते असे नाही, हे लक्षात घेतले की पुढील बहुतेक गैरसमजांचा उलगडा होतो.

गैरसमज : काटे असलेली प्रत्येक मांसल वनस्पती निवडुंग कुलातील असते.

वस्तुस्थिती : सह्याद्रीच्या कड्याकपारींत आढळणारे काटेरी, दुधाळ चिकाचे निवडुंग आणि कुंपणाला लावला जाणारा शेर या एरंडाच्या कुलातील वनस्पती आहेत. याउलट ज्याला वनस्पतिशास्त्रात निवडुंग कुल म्हणतात ते मूळचे अमेरिका खंडांतील असून, रिप्सॅलिस बॅसिफेरा ही झाडांवर वाढणारी एक जात वगळता त्यातील कोणतीही जात इतरत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाही. आपल्याकडे गावोगावी दिसणारा फड्या निवडुंगही तिकडूनच आणला गेला. या कुलाची खरी ओळख काट्यांवरून नव्हे, तर एरिओलवरून पटते. एरिओल म्हणजे खोडावरील लोकरीसारख्या लवेची बारीक गादी, जिच्यातून काटे, फुले आणि नवे फुटवे येतात. चीक पांढरा निघाला म्हणजे वनस्पती निवडुंग कुलातील नाही, ही प्रचलित कसोटी मॅमिलारियाच्या बाबतीत फसते, कारण तिच्या काही जातींतही दुधाळ चीक असतो. मॅमिलारियाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की तिच्यात काटे उंचवट्याच्या टोकावर येतात, तर फुले दोन उंचवट्यांमधील बेचक्यातून निघतात.

गैरसमज : निवडुंगाला पाणी जवळजवळ लागतच नाही, आठवड्याला चमचाभर पुरते.

वस्तुस्थिती : बहुतेक वनस्पती दिवसा आपली रंध्रे, म्हणजे हवेची देवाणघेवाण करणारी सूक्ष्म छिद्रे, उघडतात आणि त्यांतून बरेच पाणी गमावतात. निवडुंग मात्र ती मुख्यतः रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रे मिटलेली ठेवून त्यापासून अन्न तयार करतो. या व्यवस्थेमुळे पाण्याची मोठी बचत होते, पण गरज संपत नाही. मूळ प्रदेशात पाऊस थोडा पडला तरी जेव्हा पडतो तेव्हा तो जमीन भिजवून जातो आणि उथळ पसरलेली मुळे अल्पावधीत भरपूर पाणी शोषून घेतात. चमचाभर पाण्याने मातीचा केवळ वरचा थर ओला होतो, खालची मुळे कोरडीच राहून मरतात आणि पुढे खरोखर पाणी मिळाले तरी रोपाला ते घेता येत नाही. म्हणून वाढीच्या काळात कुंडीतली माती पूर्ण वाळू द्यावी आणि मग तळाच्या छिद्रातून वाहून जाईपर्यंत पाणी घालावे, हीच योग्य पद्धत होय.

येथे ऋतूंचे गणित महत्त्वाचे ठरते. मेक्सिकोच्या मध्यवर्ती पठारावर मुख्य पाऊस जून ते सप्टेंबरच्या सुमारास पडतो आणि हिवाळा थंड व कोरडा असतो. हा क्रम दख्खनच्या पठारावरील ऋतुचक्राशी बराच जुळतो. फरक आहे तो पावसाच्या प्रमाणात आणि हवेतील दमटपणात. त्यामुळे पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर येथे रोपाला पावसाची थेट झड लागणार नाही एवढी काळजी पुरेशी असते, तर कोकणात, मुंबईत आणि गोव्यात छपराखालील हवेशीर जागा आणि पावसाळाभर अगदी आवरते पाणी यांशिवाय रोप टिकणे कठीण असते.

गैरसमज : निवडुंग नुसत्या वाळूत वाढवावा आणि कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यावा.

वस्तुस्थिती : बारीक वाळू पाण्याने दबून घट्ट होते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते, समुद्राच्या वाळूत तर क्षारही असतात. मॅमिलारियाच्या अनेक जाती खडकांच्या फटींत साचलेल्या दगडगोट्यांच्या मातीत वाढतात, म्हणून एक भाग चांगले कुजलेले कंपोस्ट आणि दोन भाग जाडसर खनिज द्रव्य (विटांचे बारीक तुकडे, धुतलेली जाड वाळू, प्युमिस किंवा परलाइट) असे मिश्रण तिला मानवते. काळी माती आणि निव्वळ कोकोपीट दोन्ही ओल फार काळ धरून ठेवतात, त्यामुळे ते टाळावेत. तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारतो हाही भ्रमच आहे, कारण बारीक कणांच्या थरातील पाणी तो थर भिजून तुडुंब होईपर्यंत खालच्या जाड थरात उतरत नाही. परिणामी ओल मुळांच्या अधिक जवळ येऊन थांबते. संपूर्ण कुंडीत एकसारखे मोकळे मिश्रण आणि तळाला छिद्र एवढेच आवश्यक असते. कुंडी रोपाच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच रुंद असावी, कारण मुळे नसलेल्या भागातील माती उशिरा वाळते.

गैरसमज : निवडुंगाला जितके कडक ऊन तितके चांगले, आणि नाहीच मिळाले तरी तो घरात कोठेही राहतो.

वस्तुस्थिती : ही दोन टोके परस्परविरोधी असूनही एकाच वेळी प्रचलित आहेत. निसर्गात मॅमिलारियाची कोवळी रोपे बहुधा एखाद्या झुडपाच्या किंवा खडकाच्या आडोशाला रुजतात आणि त्या सावलीमुळेच पहिली काही वर्षे तगतात. एप्रिल-मे महिन्यांतील विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात, विशेषतः सावलीतून एकदम उघड्यावर आणलेल्या रोपाच्या त्वचेवर तपकिरी चट्टे पडतात आणि ते कधीच भरून येत नाहीत. अशा वेळी हिरव्या जाळीची अर्धी सावली लागते. उलट, अपुऱ्या प्रकाशात खोड फिकट होऊन वर निमुळते लांबते आणि काटे विरळ येतात. ही लांबण वाढ वाटली तरी ती प्रकाशाच्या उपासमारीचे लक्षण असते आणि पुढे चांगला प्रकाश मिळाला तरी तो भाग पूर्ववत होत नाही. सकाळचे काही तास थेट ऊन मिळेल अशी पूर्वेची गॅलरी ही या वनस्पतीसाठी सर्वसाधारणपणे उत्तम जागा होय.

गैरसमज : निवडुंग अनेक वर्षांतून एकदाच फुलतो, रोपवाटिकेतील फुललेले रोप घेणे हाच उपाय.

वस्तुस्थिती : मॅमिलारियाच्या अनेक जाती बियांपासून साधारण तीन-चार वर्षांत फुलू लागतात आणि नंतर दरवर्षी फुलतात. बोटांसारख्या खोडांचे झुबके करणारी मॅमिलारिया एलोंगाटा फिकट पिवळसर फुले देते, तर पांढऱ्या केसांनी झाकलेली मॅमिलारिया हानियाना जांभळट गुलाबी फुलांचे कडे धारण करते. ही फुले माथ्यावरच्या नव्या भागात न येता बहुधा मागील हंगामात वाढलेल्या उंचवट्यांच्या बेचक्यांतून येतात. म्हणजेच यंदाचा बहर गेल्या वर्षीच्या प्रकाशावर आणि पोषणावर अवलंबून असतो. दुसरी अट विश्रांतीची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवून रोपाला रात्रीचा गारवा आणि दिवसाचा प्रकाश मिळू दिला, तर वसंतात कळ्या धरतात. मायेपोटी हिवाळाभर पाणी देत राहिल्यास रोप हिरवेगार दिसते, पण बहर हुकतो. नत्राचे प्रमाण जास्त असलेल्या खताचा परिणामही असाच होतो, म्हणून पालाश अधिक असलेले खत पातळ करून केवळ वाढीच्या काळात द्यावे.

विक्रीस ठेवलेल्या रोपांवरील चटक रंगाची, कागदासारखी कोरडी फुले अनेकदा डिंकाने चिकटवलेली असतात. खरे मॅमिलारियाचे फूल नाजूक, ओलसर पाकळ्यांचे असून ते काही दिवसांतच कोमेजते. त्याचप्रमाणे हिरव्या दांड्यावरचा लाल किंवा पिवळा गोळा हे फूल नसून जिम्नोकॅलिसियम या दुसऱ्याच प्रजातीचे हरितद्रव्यहीन रोप असते. स्वतःचे अन्न तयार करता येत नसल्यामुळे त्याचे कलम दुसऱ्या निवडुंगावर करावे लागते आणि खालचा दांडा मेला की तेही मरते.

गैरसमज : संगणकाजवळ ठेवलेला निवडुंग किरणे शोषतो आणि रात्री प्राणवायू देतो.

वस्तुस्थिती : एका लहान रोपामुळे शेजारी बसलेल्या माणसापर्यंत पोहोचणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी घटत नाहीत. निवडुंग रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो हे खरे, परंतु प्राणवायू निर्माण होण्यासाठी प्रकाश लागतो, त्यामुळे तो दिवसाच तयार होतो आणि मुठीएवढ्या रोपाच्या बाबतीत त्याचे प्रमाण नगण्य असते. या समजुतीचा प्रत्यक्ष परिणाम एवढाच, की रोप खिडकीपासून दूर अंधाऱ्या टेबलावर जाऊन क्षीण होते.

गैरसमज : निवडुंग काटक असल्याने त्याला कीड लागत नाही आणि तो निसर्गातून नाहीसाही होत नाही.

वस्तुस्थिती : काटकपणा हा दुष्काळापुरता असतो. पिठ्या ढेकूण नावाची पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड मॅमिलारियाच्या बेचक्यांत आणि मुळांवरही लपते. थोड्या रोपांवर ती स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपता येते आणि दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलताना मुळे तपासता येतात. कुंडी बदलल्यावर दुखावलेली मुळे भरून येईपर्यंत साधारण आठवडाभर पाणी देऊ नये. निसर्गातील स्थिती अधिक गंभीर आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यमापनात निवडुंगाच्या तपासलेल्या जातींपैकी ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले, आणि त्यामागील प्रमुख कारणांत शोभेसाठी होणारी बेकायदा उचल होती. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारात, ज्यात भारत १९७६ पासून सहभागी आहे, काही अपवाद वगळता संपूर्ण निवडुंग कुलाचा व्यापार नियंत्रित केलेला असून मॅमिलारिया पेक्टिनिफेरासारख्या जातींना त्यातील सर्वांत कडक संरक्षण आहे. महिनोन्महिने पाण्याविना जगणारी ही वनस्पती फार मंद वाढते, त्यामुळे उपटून नेलेल्या रोपाची जागा निसर्गात लवकर भरत नाही. घरी मॅमिलारिया लावणाऱ्याने बियांपासून किंवा फुटव्यांपासून रोपवाटिकेत वाढवलेलेच रोप घ्यावे, याचे कारण हे आहे. असे रोप कुंडीतील जीवनाला सरावलेले असते आणि त्यामुळे तुलनेने लवकर फुलते, हा त्यातला आणखी एक लाभ.