बेटावरची शाळा आणि इतिहासाचे वारस

मुंबईच्या गेटवेपासून लाँचने सुमारे तासाभराच्या अंतरावर असलेले घारापुरी बेट जगाला तेथील भव्य शैव शिल्पांमुळे परिचित आहे. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि बौद्ध लेणीही आहेत. पण तिकडे फारच थोड्या पर्यटकांची पावले वळतात. सायंकाळी लाँच परततात आणि बेटावर उरतात राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन गावांतील माणसे. रायगड जिल्ह्यातील या गावांत समुद्राखालच्या केबलमधून वीज पोहोचली, ती २०१८ साली.

इतिहास कसा हरवतो, हे घारापुरीच सांगते. पोर्तुगीजांनी मुख्य लेण्यातील शिलालेख काढून पोर्तुगालला पाठविला आणि तो पुढे नाहीसा झाला. ही लेणी कोणी कोरविली, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. ज्या दगडी हत्तीवरून ‘एलिफंटा’ हे नाव पडले, तो आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.

दगडांची ही गत, तर माणसांच्या आठवणींचे काय? जुन्या वाटा, पाण्याची टाकी, शेतांची नावे, भरती-ओहोटीचे ज्ञान हे सारे वृद्धांच्या स्मरणात असते. ते टिपून ठेवणारी स्थानिक संस्था म्हणजे गावची शाळा. बेटावरील शाळेचा पट स्वाभाविकच लहान असतो. केवळ पटसंख्या पाहून अशी शाळा बंद केली, तर शिक्षणासाठी कुटुंबे बेट सोडतात आणि इतिहासाचे वारसच निघून जातात.

अशा शाळेला आपण काय देऊ शकतो? पुस्तके व शैक्षणिक साहित्य द्यावेच. पण शिक्षकांच्या संमतीने ‘गावाच्या इतिहासाची वही’ सुरू करण्यासही साहाय्य करावे. विद्यार्थ्यांनी वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहाव्यात. सांगणाऱ्याचे नाव, वय व दिनांक नोंदवावा. दंतकथेला दंतकथा आणि पुराव्याला पुरावा म्हणावे. जुन्या छायाचित्रांची प्रत घ्यावी व मूळ छायाचित्र घरी परत करावे. स्तूपाच्या विटेला वा खापरालाही हात लावू नये. पाहावे, रेखाटावे, नोंदवावे. वहीची एक प्रत बेटावर आणि दुसरी मुख्य भूमीवरील ग्रंथालयात ठेवावी.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हा मुले मोजकीच होती. संख्या अल्प म्हणून कार्य अल्प ठरत नाही, हे आपल्या निवासी शाळेत वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिला वा लिहिलाच नाही, त्या समाजाने दुसऱ्या गावच्या मुलांच्या हाती लेखणी देणे, हे आम्हांस धम्मदानच वाटते. माजी विद्यार्थ्यांनी या वर्षी किमान एका लहान शाळेचा असा हात धरावा, ही आमची विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!