गोदावरीच्या माशांसाठी आमिषाची निवड

शीत प्रदेशांतील निर्झरांत राहणाऱ्या ट्राउट माशाला पिसांची कृत्रिम माशी दाखवून गळास लावण्याची विद्या पश्चिमेकडे बहुमानाची गणली जाते. परंतु माशाच्या नैसर्गिक आहाराशी आमिषाचे साम्य असावे, हे तिचे मूलतत्त्व नांदेडनजीकच्या विष्णुपुरी जलाशयास आणि लातूरकडील मांजरेच्या बंधाऱ्यांसही तंतोतंत लागू पडते. वरच्या दिशेस वळलेल्या रुंद मुखाचा कटला पृष्ठभागानजीक चरतो, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाच्या गाळात. सबब कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेली गोळी तिघांस चालली, तरी गळ किती खोल सोडावा याचा विचार प्रत्येकासाठी निराळाच करावा लागतो. वाम गांडुळावर येते, तीही बहुधा रात्री.

माझ्या मते खरी कसोटी मात्र मरळीची: हा मांसाहारी मासा पाणवनस्पतींच्या आडोशास दबा धरून बसतो, म्हणून पाण्यावरून हलकेच सरकवलेला रबरी बेडूक त्यास जितका चाळवतो, तितकी कणीक कधीच नाही. पावसाळ्यात मरळीची नरमादी आपल्या पिलांवर पहारा देतात. त्या हंगामात तिला मुळीच धरू नये. जलाशयांतील मासेमारीचे ठेके सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा गळ टाकण्यापूर्वी त्यांची परवानगी अवश्य घ्यावी.