लेक हाडांचं शिकते आहे

मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत हमखास विचारणा होते, "लेक काय करते सध्या?" आमचं उत्तर ठरलेलं असायचं : बायॉलॉजी, पुढे मेडिकल. पण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं जाहीर केलं, "मी फोरेन्सिक अँथ्रॉपॉलॉजी घेतेय." म्हणजे मेलेल्या माणसांची हाडं! स्मशानातून आलेल्याला अंगणातच आंघोळ घालणाऱ्या घरांत आम्ही वाढलो. पुढचं वर्षभर आम्ही रांगेत "अजून बायॉलॉजीच" असंच सांगत राहिलो.

ती शिकते टेनेसी विद्यापीठात, नॉक्सव्हिलला. तिथल्या संशोधनकेंद्राला सगळे 'बॉडी फार्म' म्हणतात. तिला भेटायला गेलो तेव्हा कुंपण बाहेरूनच पाहिलं. पाहुण्यांना आत सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आत असतात ती देहदान केलेली माणसं. देह उघड्यावर कसा विघटित होतो, माश्या केव्हा येतात, ऊनपावसानं काय फरक पडतो, याच्या नोंदी तिथे होतात. उरलेली हाडं स्वच्छ करून जपून ठेवतात. असे हजाराहून अधिक सांगाडे आज विद्यार्थ्यांना अभ्यासाला मिळतात.

या केंद्राचा जन्म एका चुकीतून झाला, हे लेकीनं जेवताना सांगितलं. १९७७ साली टेनेसीतच एका उकरलेल्या जुन्या थडग्यात मृतदेह सापडला. प्राध्यापक विल्यम बास यांनी तपासून सांगितलं : पंचविशीतला पुरुष, मृत्यू होऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. वय बरोबर निघालं. पण तो होता कर्नल विल्यम शाय, १८६४ साली यादवी युद्धात पडलेला! लेप लावून लोखंडी पेटीत बंद केल्यामुळे देह टिकला होता. अंदाज तब्बल ११३ वर्षांनी चुकला. बास यांनी चूक चारचौघांत कबूल केली आणि १९८१ मध्ये हे केंद्र काढलं.

हाडं बरंच काही सांगतात. कटीच्या हाडावरून स्त्री की पुरुष ते कळतं, मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज येतो. गळ्याखालच्या आडव्या हाडाचं आतलं टोक विशी संपता संपता जुळतं, त्यावरून वय. नाव मात्र हाडं सांगत नाहीत. त्यासाठी दातांचे जुने एक्स-रे किंवा नातेवाइकांचा डीएनए लागतो. न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात २,७५३ माणसं गेली. २०२५ पर्यंतही त्यांतल्या सुमारे १,१०० जणांची ओळख पटलेली नव्हती. काम अजून चालूच आहे.

आणि हे शास्त्र आपल्याला परकंही नाही, बरं का! 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई कर्वे बर्लिनला गेल्या होत्या त्या मानवी कवटीवर पीएच.डी. करायला. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशावर ठरतो, या तिथल्या मताला त्यांच्या मोजमापांनी आधार दिला नाही.

हे सगळं पुण्याच्या आजींना फोनवर कसं सांगायचं, याची आम्हाला धास्ती होती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांचा धाकटा भाऊ १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेला, तो सापडलाच नाही. शेवटी पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी केला. "आई मरेपर्यंत दाराची कडी वाजली की उठून बसायची," आजी म्हणाल्या. "अरे, शिकू दे तिला. कुणाचा तरी भाऊ सापडेल." आमचं वर्षभराचं लपवणं त्या एका वाक्यापुढे फार लहान वाटलं.

तुमच्या घरी कुणाला हा ओढा असेल तर दोन गोष्टी आधी समजून घ्या. गुन्हे-प्रयोगशाळेत डीएनएचं काम करायचं तर पदवी पुरते, पण बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, मॉलिक्युलर बायॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स हे विषय झालेले हवेत. नुसत्या 'फोरेन्सिक' नावाच्या पदवीला भुलू नका. हाडांच्या वाटेला मात्र चिकाटी लागते : बोर्डाचं प्रमाणपत्र हवं तर पीएच.डी., मग अनुभव, मग परीक्षा. नोकऱ्या मोजक्याच, आणि त्यातले बरेचजण विद्यापीठात शिकवता शिकवताच पोलिसांना मदत करतात. टीव्हीवरच्या मालिकांसारखं तासाभरात काही उलगडत नाही.

यंदाच्या गणपतीत रांगेत कुणी विचारलं तर आम्ही नीट सांगणार आहोत. ऐकून प्रसादाचा द्रोण हातात तसाच राहिला तर आम्हाला दोष देऊ नका!